एकत्र राहिल्याने घरखर्च घटतो काय?

माणसे एकत्र राहिली की खर्च वाटला जातो आणि वाटला गेलेला खर्च हलका होतो, असे एक सोपे गणित नेहमी मांडले जाते. युरोप-अमेरिकेत या गणिताच्या आधारावर गेल्या पन्नास वर्षांत कित्येक वसाहती उभ्या राहिल्या. तिकडे त्यांना 'कोहाउसिंग' म्हणतात. आपण 'सहनिवास' म्हणू. डेन्मार्कमधील सेटेडामेन ही 1972 साली वसलेली सत्तावीस कुटुंबांची वसाहत या प्रकारातील पहिल्यांपैकी एक मानली जाते. प्रत्येक कुटुंबाचे घर वेगळे, चूल वेगळी. पण सगळ्यांच्या मालकीचे एक सामाईक घर. अशा वसाहतींत सामाईक घरात पाळीपाळीने सर्वांचे जेवण शिजते, मुले खेळतात, सभा होतात. कपडे धुण्याचे यंत्र, पाहुण्यांची खोली, हत्यारे-अवजारे घरटी एकेक न घेता सगळ्यांत मिळून घेतली जातात.

मराठवाड्यातल्या दलित वाचकाला हे वाचून साहजिकच वाटेल की यात नवे ते काय? भिंतीला भिंत लावून, एका हापशावर पाणी भरून, उन्हाळ्यात एका अंगणात बाजा टाकून आपण पिढ्यान् पिढ्या राहिलो. एकत्र राहण्याने खर्च घटतो हे खरे असेल, तर या देशात सर्वांत कमी खर्चात सर्वांत सुखाने दलित वस्ती राहायला हवी होती. तसे झालेले नाही. का झाले नाही, याचा शोध घेणे हा केवळ कुतूहलाचा विषय नव्हे. नांदेड-लातूरच्या शहरांत शिकायला किंवा मजुरीला येणारा प्रत्येक जण पहिला प्रश्न हाच विचारतो: कुठे राहू, कोणाबरोबर राहू आणि महिन्याला किती लागतील? या प्रश्नाच्या उत्तरावर एखाद्या मुलीचे शिक्षण पुढे चालते किंवा बारावीला तुटते. म्हणून हा हिशेब आपणच मांडून पाहिला पाहिजे.

खर्चाचे तीन प्रकार

घरखर्च म्हणून आपण जे एका शब्दात बोलतो त्यात तीन वेगळ्या जातीचे खर्च असतात. पहिला खर्च माणसे वाढली तरी फारसा वाढत नाही. खोलीचे भाडे, दिवा, दार, भिंत, पाणी साठवण्याची टाकी हे सारे त्यात येते. एक दिवा एकालाही उजेड देतो आणि चौघांनाही देतो.

दुसरा खर्च माणसागणिक वाढतो. भाकरी, औषध, परीक्षेची फी, एस.टी.चे तिकीट. चार भाकऱ्या चौघांत वाटल्या तर प्रत्येकाच्या वाट्याला एकच येते. एका पंगतीला बसल्याने पाचवी भाकरी तयार होत नाही.

तिसरा खर्च या दोहोंच्या मधला आहे. इंधन, बाजारहाट, रांधण्याचे श्रम, लहान मुलांची राखण. चौघांची डाळ शिजवायला एकाच्या डाळीच्या चौपट गॅस लागत नाही. पोत्याने घेतलेली ज्वारी किलोकिलोने घेतलेल्या ज्वारीपेक्षा स्वस्त पडते. मात्र पोते घ्यायला एकरकमी पैसा लागतो आणि गरिबाकडे नेमका तोच नसतो. रोजच्या मजुरीवर रोजचे मीठ-तेल आणणारी बाई तीच वस्तू नोकरदारापेक्षा महाग घेत असते. गरिबी हीच महाग आहे, हे आपल्या आयाबायांना कुठल्याही पुस्तकाशिवाय ठाऊक आहे.

अर्थशास्त्रात यासाठी काही ठोकताळे वापरतात. त्यांतला एक असा की, कुटुंबात चार माणसे असली तर त्यांची गरज एकट्याच्या चौपट न धरता दुपटीने धरायची; म्हणजे माणसांच्या संख्येचे वर्गमूळ घ्यायचे. ज्या देशात मिळकतीचा मोठा भाग घरावर आणि घरातल्या वस्तूंवर जातो तिथे हे ठीक आहे. जिथे मोठा भाग पोटावर जातो तिथे ते डोळे मिटून लावता येत नाही. अँगस डीटन आणि क्रिस्टिना पॅक्सन या दोन अर्थशास्त्रज्ञांनी 1998 साली एक कोडेच पुढे ठेवले. माणशी एकूण खर्च सारखाच असलेली दोन कुटुंबे घ्या, एक लहान आणि एक मोठे. एकत्र राहण्याने मोठ्या कुटुंबाचे पैसे वाचत असतील, तर ते गरीब देशात तरी आधी अन्नावर जायला हवेत, कारण पोट अजून पुरते भरलेले नाही. प्रत्यक्षात आकडे उलटे निघाले. मोठ्या कुटुंबांत माणशी अन्नखर्च कमीच आढळला आणि गरीब देशांत ही घट अधिक होती. या कोड्याची उत्तरे अनेकांनी दिली, पण त्यांत एकमत नाही. आपल्यापुरता बोध एवढाच की, कागदावरची बचत गरिबाच्या ताटापर्यंत पोचतेच असे गृहीत धरू नये.

खोली करून राहणारे विद्यार्थी

हे गणित आता आपल्या भूमीवर आणू. 'लातूर पॅटर्न'चे नाव झाल्यापासून लातूरला आणि पाठोपाठ नांदेडला शिकवण्यांसाठी येणाऱ्या विद्यार्थ्यांची रीघ लागली. किनवट, मुखेड, देगलूर, उदगीर, निलंगा, अहमदपूर या भागांतली मुलेमुली येथे खोली करून राहतात. शासकीय वसतिगृहात ज्यांना जागा मिळत नाही अशा अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी 2016-17 पासून 'भारतरत्न डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना' आली. ती सुरू झाली तेव्हा मोठी शहरे सोडून इतर जिल्ह्यांच्या ठिकाणांसाठी वर्षाला 43 हजार रुपये ठरवले गेले. त्यात भोजनाचे 25 हजार, निवासाचे 12 हजार आणि निर्वाहाचे 6 हजार. दहा महिन्यांचे शैक्षणिक वर्ष धरले तर जेवणाला महिना अडीच हजार आणि खोलीला बाराशे पडतात.

या तीन आकड्यांत आपल्या प्रश्नाचे बरेचसे उत्तर दडलेले आहे. एकूण रकमेत जेवणाचा वाटा 58 टक्के, निवासाचा 28 टक्के. समजा, चौघांनी मिळून खोली घेतल्यामुळे निवासाचा खर्च निम्मा झाला. वाचले किती? 6 हजार, म्हणजे एकूण खर्चाचे 14 टक्के. समजा, त्यांनी घाऊक धान्य आणले, एका शेगडीवर रांधले आणि जेवणाचा खर्च पाचव्या हिश्शाने कमी केला. वाचले 5 हजार, म्हणजे सुमारे 12 टक्के. दोन्ही साधले तर बचत 11 हजार, म्हणजे एकूण खर्चाचा चौथा हिस्सा. भाडे निम्मे होणे ठळक दिसते. परंतु जेवणातली पाचव्या हिश्शाची बचत जवळजवळ तेवढीच भरते. एकत्र राहण्याने खर्च घटतो, हे खरे आहे. पण तो निम्मा होतो असे जे बोलले जाते ते खरे नाही. आणि नुसती खोली वाटली, चूल वेगळीच राहिली, तर बचत सातवा हिस्साच होते.

मी नांदेडला तीन मैत्रिणींबरोबर खोली करून शिकले. आमच्यातल्या दोघींचा डबा गावाकडून एस.टी.ने येई, भाकऱ्या, येसर, कधी धपाटे. उरलेले आम्ही पाळीने रांधत होतो. हिशेबाची एक वही होती आणि तेलामिठाचा पै-पैसा तीत लिहिला जाई. शेजारच्या खोल्यांतली मुले खानावळीत जेवत. आमचा खर्च त्यांच्यापेक्षा कमी होता, याचा आम्हांला अभिमान वाटे. आता मागे वळून तोच हिशेब मांडते तेव्हा त्यात एक रकाना राहून गेलेला दिसतो. मुले खानावळीला पैसे देत होती, आम्ही वेळ देत होतो. रोजचे दोन-अडीच तास, तेही परीक्षेच्या तोंडावर. ती बचत नव्हती. ते अभ्यासातून कापून दिलेले वेतन होते.

हा मुद्दा केवळ विद्यार्थिनींचा नाही. एकत्र कुटुंब स्वस्त पडते असे म्हणणाऱ्यांनी, ते कोणाच्या श्रमावर स्वस्त पडते हे सांगितले पाहिजे. मुंबईच्या गिरणगावात कामगार एकेका खोलीत दाटीवाटीने राहत आणि खानावळवाल्या बाईकडे जेवत. त्या बाईचा दिवस पहाटे सुरू होई आणि ती स्वतः सावकाराच्या व्याजात बुडालेली असे. 1975 साली प्रेमा पुरव यांनी या स्त्रियांना संघटित करून 'अन्नपूर्णा महिला मंडळ' उभे केले, त्यांना बँकेचे कर्ज मिळवून दिले. कामगारांचे स्वस्त जेवण कोणाच्या घामावर उभे होते, हे त्यामुळे पहिल्यांदा हिशेबात आले. सहनिवासाचा विचार करताना हा धडा विसरता कामा नये. सामाईक चुलीपुढे रोज तीच बाई बसणार असेल, तर खर्च घटला नसून तिच्या अंगावर ढकलला गेला, एवढाच त्याचा अर्थ.

त्या खोलीने आम्हांला आणखी एक गोष्ट दिली, जी वहीत लिहिली जात नव्हती. एखादीच्या घरून पैसे आले नाहीत की बाकीच्या तिघी तिचा महिना निभावून नेत. हे खर्च वाटून घेणे नव्हे, हे धोका वाटून घेणे होय. ज्याच्या घरी शेत नाही, बँकेत ठेव नाही, ज्याला शहरातला दुकानदार उधार देत नाही, त्याच्या दृष्टीने धोक्याची वाटणी ही भाड्याच्या वाटणीहून मोठी गोष्ट आहे. शिष्यवृत्तीचा हप्ता लांबला की पोर गावी परत जाते आणि पुन्हा येत नाही. तो एक महिना निभावला गेला तर पुढचे सगळे शिक्षण वाचते. सहनिवासाची खरी किंमत करायची तर ती इथे करावी.

एकत्र राहणे आणि एकत्र ठेवले जाणे

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. आपली वस्ती शतकानुशतके एकत्र आहे, तरी तिचा खर्च कमी का नाही? कारण आपण एकत्र राहिलो नाही. आपल्याला एकत्र ठेवले गेले. डेन्मार्कच्या कुटुंबांनी आपले शेजारी निवडले, जमीन विकत घेतली, काय सामाईक ठेवायचे ते ठरवले. गावकुसाबाहेरच्या वस्तीने यातले काहीही ठरवले नाही. जागा गावाने दिली, तीही उताराची, पांदीकडेची. विहीर गावाची आणि तिच्यावर आपल्याला बंदी. सामाईक होते ते फक्त नाकारलेपण.

नाकारलेपणाची किंमत रोख मोजावी लागते. पाणी हे त्याचे उघड उदाहरण. 2016 च्या एप्रिलमध्ये मांजरा धरण कोरडे पडले आणि लातूर शहराला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. त्याच्या आधीच पाणी भरण्याच्या ठिकाणी भांडणे होऊ नयेत म्हणून जमावबंदी लावण्यात आली होती. दुष्काळ सगळ्या शहरावर होता. पण सगळ्यांना सारखा नव्हता. ज्याच्या बंगल्याखाली मोठी टाकी आहे तो टँकर बोलावून दर लिटरला कमी पैसे देतो. ज्याच्याकडे दोन घागरी आणि एक पिंप आहे तो घागरीच्या भावाने घेतो, किंवा रांगेत उभा राहून मजुरीचा दिवस घालवतो. वस्तीतली शंभर घरे दाटीने शेजारी आहेत म्हणून त्यांचे पाणी स्वस्त झाले नाही. त्या शंभर घरांची मिळून एक टाकी असती तर झाले असते. शेजार आणि साधन यांत हा फरक आहे.

भाड्याचेही तेच. सुखदेव थोरात आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दिल्ली व भोवतालच्या शहरांत भाड्याच्या घरांचा अभ्यास करून 2015 साली दाखवून दिले की, दलित आणि मुस्लिम भाडेकरूंना जात-धर्म पाहून सरळ नकार मिळतो, किंवा जाचक अटींवर घर मिळते. आपल्याकडे हे समजायला सर्वेक्षण लागत नाही. खोली दाखवून झाल्यावर 'आडनाव काय?' हा प्रश्न येतो आणि मग खोली आधीच दुसऱ्याला दिलेली असल्याचे अचानक आठवते. मलाही हे ऐकावे लागले आहे आणि माझ्या विद्यार्थ्यांना आजही लागते. अर्थशास्त्राच्या भाषेत सांगायचे तर बाजारात दहा खोल्या आहेत, पण आपल्यासाठी तीनच आहेत. त्या तिघांपैकी जी मिळेल ती घ्यावी लागते. ती कॉलेजपासून लांब असते, म्हणून रिक्षाचे पैसे वाढतात. घरमालकाला ठाऊक असते की हा दुसरीकडे जाणार नाही, म्हणून भाडे उतरत नाही. चौघे मिळून राहिल्याने वाचलेले पैसे असे जातीच्या करात परत जातात.

तरीही आपण आपल्या वस्तीतच राहतो, आणि त्याला कारण आहे. 27 जुलै 1978 रोजी विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव विधिमंडळात झाल्यानंतर मराठवाड्यात दलितांची घरे जाळली गेली. नांदेड जिल्ह्यात टेंभुर्णीच्या पोचिराम कांबळे यांची हत्या झाली. कित्येक कुटुंबे गाव सोडून शहरांच्या कडेला आली. त्यांनी एकमेकांच्या आधाराने झोपड्या घातल्या, त्या भाडे वाचवण्यासाठी नव्हे, जीव वाचवण्यासाठी. म्हणून 'वस्ती सोडा, मिसळून राहा, स्वस्त पडेल' असा उपदेश करणाऱ्यांनी आधी हा इतिहास वाचावा. आपल्या घरखर्चात सुरक्षिततेचा एक रकाना आहे, जो पांढरपेशा कुटुंबाच्या वहीत नसतो.

किल्लारीने काय शिकवले

वस्त्या नव्याने, आखून-रेखून बांधायची संधी लातूर-उस्मानाबादला एकदा आली होती, तीही फार मोठी किंमत देऊन. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारी परिसरात भूकंप झाला आणि सुमारे 8 हजार माणसे दगावली. नंतर जागतिक बँकेच्या साहाय्याने 52 गावे संपूर्णपणे नव्या जागी बसवण्यात आली. तेथे घरे कशी दिली गेली? जमिनीच्या मापाने. भूमिहीन आणि अत्यल्प जमीन असलेल्यांना 250 चौरस फूट, मधल्यांना 400, मोठ्या खातेदारांना 750. भूकंपाने वाडा आणि झोपडी एका रात्रीत सारखी केली होती. पुनर्वसनाने त्यांच्यातले अंतर चौरस फुटांत मोजून पुन्हा उभे केले. या भागात भूमिहीन कोण, हे वेगळे सांगायला नको.

आपल्या विषयाच्या दृष्टीने दुसरी गोष्ट तितकीच महत्त्वाची आहे. जुनी गावे दाटीची होती. घराला घर लागून, गल्ल्या अरुंद. नवी गावे शहरी नकाशाप्रमाणे आखली गेली. रुंद सरळ रस्ते, सुटे सुटे भूखंड. त्यांनी जुन्या गावठाणाच्या कित्येक पट जागा व्यापली. मोकळी हवा आली, पडझडीचे भय गेले, हे चांगलेच झाले. पण रस्ता लांबला की दिव्यांचे खांब वाढतात, नळाची वाहिनी लांबते, गटार लांबते आणि या सगळ्याची देखभाल गावावरच येते. शेजारीण हाकेच्या अंतरावर राहिली नाही की मूल कोणाकडे ठेवून शेतावर जायचे, हाही प्रश्न उभा राहतो. म्हणजे पक्के घर मिळाल्याने एक खर्च संपला आणि पांगापांग झाल्याने दुसरे वाढले. घर मोठे की लहान एवढेच पाहून चालत नाही. घराघरांच्या मध्ये काय आहे आणि ते कोणाचे आहे, यावरही घरखर्च ठरतो.

पात्र ज्याचे त्याचे, विहार संघाचा

मग आपल्याजवळ सामाईक असे काहीच नाही काय? आहे. भीमनगर असो, सिद्धार्थनगर असो, वर्गणी काढून बांधलेला विहार बहुतेक वस्त्यांत आहे. डेन्मार्कच्या कुटुंबांनी जे सामाईक घर मुद्दाम बांधले ते आपण आधीच बांधून ठेवले आहे. लग्न विहारात लागले की मंगल कार्यालयाचे भाडे वाचते. कित्येक ठिकाणी मंडळाची मोठी भांडी, सतरंज्या, खुर्च्या असतात. काही विहारांत अभ्यासिका चालते. घरात एकच खोली आणि पाच माणसे असलेल्या मुलाला तेथे दिवा आणि शांतता मिळते. ही अभ्यासिका म्हणजे वस्तीतल्या प्रत्येक घराला जोडलेली एक जादा खोलीच होय. पण जयंती-पौर्णिमा सोडल्या तर पुष्कळ विहारांना कुलूप असते, याचाही विचार कार्यकर्त्यांनी केला पाहिजे.

काय सामाईक असावे आणि काय नसावे, याचा विवेक आपल्या परंपरेत अडीच हजार वर्षांपूर्वी केलेला आहे. विनयाच्या नियमांनुसार भिक्खूचे पात्र, चीवर, वस्तरा, सुई, पाणी गाळण्याचे वस्त्र ही त्याची स्वतःची. विहार, त्याची जमीन, तेथले मंचक आणि मोठी भांडी ही चारी दिशांच्या संघाची. आज असलेल्यांची आणि पुढे येणाऱ्यांचीही. ती कोणी वाटून घ्यायची नाहीत, कोणाला देऊन टाकायची नाहीत. वर आपण खर्चाचे जे प्रकार पाहिले त्यांच्याशी हे किती जुळते पाहा. जे माणसागणिक लागते ते ज्याचे त्याचे. जे वाटल्याने कमी होत नाही ते सर्वांचे.

आधुनिक काळात हीच वाट वसतिगृहांनी चालवली. कोल्हापुरात शाहू महाराजांच्या पुढाकाराने अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी 1908 साली मिस क्लार्क बोर्डिंग निघाले. बाबासाहेबांच्या बहिष्कृत हितकारिणी सभेने 1925 साली सोलापुरात वसतिगृह काढले. 1950 साली औरंगाबादला, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरला, पीपल्स एज्युकेशन सोसायटीचे महाविद्यालय सुरू झाले आणि नागसेनवनातल्या वसतिगृहांतून मराठवाड्याची पहिली शिकलेली दलित पिढी बाहेर पडली. एकट्या बापाला शहरात एका मुलाचा खर्च झेपला नसता. शंभर मुलांची एक चूल, एक छप्पर, एक ग्रंथालय झाले तेव्हा तो झेपला. मराठवाड्यातल्या सहनिवासाचा सर्वांत यशस्वी प्रयोग शोधायचा असेल तर तो वसतिगृहातच सापडेल.

बाबासाहेबांचा विचार वसतिगृहापाशी थांबला नव्हता. 1942 च्या नागपूर परिषदेत अस्पृश्यांच्या स्वतंत्र गावांची मागणी झाली. 1947 च्या 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज' या निवेदनात तिला अधिक स्पष्ट रूप आले. त्यात वसाहतीसाठी आयोग, सरकारी पडीक जमीन आणि सामुदायिक शेती यांची योजना होती. म्हणजे त्यांनी नुसते वेगळे राहणे मागितले नाही. राहण्यासोबत जमीन मागितली. जमिनीवाचून वेगळी वस्ती म्हणजे जुना महारवाडाच नव्या नावाने, हे त्यांना पुरते ठाऊक होते.

अटी

या सगळ्याचे सार असे: एकत्र राहिल्याने आपोआप खर्च घटत नाही, साधन सामाईक मालकीचे झाले की घटतो. माणसांची दाटी आणि साधनांची सामाईकता या दोन गोष्टी भिन्न आहेत. पहिली आपल्याला जातिव्यवस्थेने दिली, दुसरी आपल्याला मिळवायची आहे.

ती मिळवताना काही अटी पाळाव्या लागतील. पहिली अट मालकीची. जागा एखाद्या पुढाऱ्याच्या नावावर आणि वर्गणी सगळ्यांची, असे झाले की सहनिवास बुडाला. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, 1960 हा कायदा आहे. मागासवर्गीयांच्या गृहनिर्माण संस्थांना सरकारी जमीन आणि अर्थसाहाय्य देणारी युद्धोत्तर पुनर्रचना योजना क्रमांक 219 त्याच्याही आधीची. पांढरपेशा वर्गाने सहकाराच्या वाटेने आपल्या वसाहती उभ्या केल्या. मुंबईच्या वांद्र्यात लेखकांचे 'साहित्य सहवास' उभे राहिले. आपल्या कार्यकर्त्यांनी हे कायदे नुसते ऐकून न ठेवता वाचून घ्यावेत.

दुसरी अट हिशेबाची. खर्चाची वही विहाराच्या भिंतीवर लावलेली असावी, कपाटात नव्हे. तिसरी अट श्रमाची. सामाईक चुलीवर पुरुषांचीही पाळी लागली पाहिजे आणि तसे जमत नसेल तर रांधणाऱ्या बाईला रोख वेतन मिळाले पाहिजे. चौथी अट बाहेर पडण्याच्या मोकळिकीची. ज्याला उद्या दुसऱ्या मोहल्ल्यात घर घ्यायचे आहे त्याला आपला वाटा घेऊन जाता आले पाहिजे. नाहीतर आपणच आपले गावकूस बांधू.

सुरुवात लहान गोष्टींपासून करता येईल. खोली करून राहणाऱ्या पाच-सहा खोल्यांतल्या मुलामुलींनी मिळून पगारी स्वयंपाकीण ठेवावी आणि धान्य एकदम आणावे. वस्तीने एक मोठी पाण्याची टाकी मागावी आणि तिची देखभाल स्वतःकडे घ्यावी. विहाराचे कुलूप रोज संध्याकाळी उघडावे. बचत गटाच्या पैशातून एक निधी वेगळा काढून, ज्या विद्यार्थ्याचा हप्ता लांबला त्याला महिनाभराची बिनव्याजी उचल द्यावी.

शेवटी एक सावधगिरीचा शब्द. 'तुम्ही मिळून राहता, तुम्हांला कमी लागते' असे म्हणून वसतिगृहातली जागा, स्वाधारची रक्कम, वस्तीतला नळ यांना कात्री लावणारे पुढे येतील. त्यांना सांगितले पाहिजे की, सहनिवास हा आमच्या हक्काला पर्याय नाही. वसतिगृह ही सरकारची जबाबदारी आहे आणि पाणी हे उपकार नव्हेत. आम्ही आमच्यात वाटून घेऊ ते भाडे, धान्य, श्रम आणि संकट. नागरिक म्हणून आमच्या वाट्याचे जे आहे ते मात्र पुरते मोजून घेऊ.